राख धातू धरते, मीठ धरत नाही! कारखान्याच्या टाकाऊ मालाने बोअरचं पाणी शुद्ध होईल का?

अकोला / अमरावती : पारसच्या वीज केंद्रातून राख निघते, नांदगाव पेठेतून निघते, एमआयडीसीतल्या लेथवर लोखंडाचा कीस पडतो आणि अकोल्याच्या दालमिलमधून पोत्यांनी टरफलं बाहेर येतात. दुसरीकडे खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. अशा वेळी याच टाकाऊ मालाने पाणी शुद्ध होतं, असं कोणी सांगितलं की माणसाचे कान टवकारणारच.

ही गोष्ट खोटी नाही. प्रदूषित भूजलातले शिसे, क्रोमियम, आर्सेनिक यांसारखे विषारी जड धातू कारखान्याच्या टाकाऊ मालाने काढता येतात. जगात यावर अनेक वर्षांपासून काम सुरू आहे आणि काही ठिकाणी ते प्रयोगशाळेबाहेर, थेट गावात आणि जमिनीखाली करून दाखवलेलं आहे. पण अर्धी गोष्ट ऐकून कोणी विहिरीत राख टाकली तर फायदा राहिला बाजूला, असलेलं पाणीही हातचं जाईल. कोणता माल काय धरतो, काय धरत नाही आणि आपल्या पाण्याचं नेमकं दुखणं कोणतं, हे आधी समजून घेणे गरजेचे आहे.

दुखणं एक नाही, दोन आहेत

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४.७ लाख हेक्टरचा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांतली सुमारे ९०० गावे त्यात येतात. इथल्या भूजलात सोडियम, क्लोराईड, बायकार्बोनेट असे क्षार भरपूर आहेत. हे क्षार कोणत्याही कारखान्याने आणून टाकलेले नाहीत. खोऱ्याच्या गाळातच ते आहेत, म्हणजे कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून पाणी खारं आहे.

जड धातूंचं दुखणं वेगळं. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा, निकेल, आर्सेनिक हे पाण्यात अत्यंत कमी प्रमाणात असले तरी घातक ठरतात. (आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, पण विषारीपणामुळे त्याला याच यादीत धरतात.) जुन्या बॅटऱ्या फोडण्याची जागा, धातूला मुलामा देणारे कारखाने, कातडी कमावण्याचे उद्योग, राखेचे तलाव, वर्षानुवर्षे साचलेला कचरा डेपो अशा ठिकाणांहून ते झिरपत भूजलात उतरू शकतात.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०५०० हे मानक आहे. त्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आर्सेनिकची ०.०१, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१ आणि एकूण क्रोमियमची ०.०५ मिलिग्रॅम आहे. याउलट पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी, म्हणजे गावात ज्याला सरळ 'टीडीएस' म्हणतात त्यासाठी, ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा असून दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जाते. एका बाजूला मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्सा, दुसऱ्या बाजूला हजारो मिलिग्रॅम. या दोन आकड्यांतच सगळी गोम आहे.

वर्षाचा धातू चिमूटभर, वर्षाचं मीठ २२ किलो

एका घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाचे २० लिटर पाणी लागते असे धरू. वर्षाचे झाले ७,३०० लिटर. समजा, त्या पाण्यात शिसे मर्यादेच्या दहापट, म्हणजे लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. वर्षभरात त्या घराच्या पोटात जाणारं सगळं शिसं गोळा केलं तर भरेल ७३० मिलिग्रॅम. पाऊण ग्रॅमही नाही. नखावर मावेल एवढं.

आता समजा त्याच पाण्याचा टीडीएस ३००० आहे. म्हणजे एका लिटरला ३ ग्रॅम क्षार. वर्षाचे ७,३०० लिटर गुणिले ३ ग्रॅम, बरोबर जवळपास २२ किलो!

पाऊण ग्रॅम धातू पकडून ठेवायला काही किलो राख, कीस किंवा टरफल पुरू शकते. २२ किलो मीठ पकडून ठेवायला कोणतीही बादली पुरत नाही. म्हणून गाळणीत भरायचा कोणताही टाकाऊ माल घेतला तरी त्याचं काम धातूपुरतं असतं. खारं पाणी त्यानं गोडं होत नाही. 'आमची राख खारपाणपट्ट्याचं पाणी गोड करते' असं सांगणारा कोणी दारात आला, तर त्याला हा हिशेब करून दाखवावा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. गावात आता पेनासारखं टीडीएस मीटर बऱ्याच जणांकडे आहे. आकडा कमी आला की पाणी चांगलं, असं समजलं जातं. पण शिसे मर्यादेच्या दहापट असले तरी मीटरवर त्याचा फरक एका आकड्याचाही पडत नाही. टीडीएस ३०० दाखवणारं गोड पाणीही धातूने दूषित असू शकतं आणि टीडीएस ३००० दाखवणाऱ्या खाऱ्या पाण्यात धातू अजिबात नसू शकतो. चवीवरून, रंगावरून किंवा वासावरून शिसे, आर्सेनिक ओळखता येत नाही. तुरटी फिरवून, मेडिक्लोर टाकून किंवा पाणी उकळूनही ते जात नाही. उकळल्याने पाणी आटते आणि धातू तेवढाच राहतो.

राख धातू कशी धरते?

पारसच्या केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. नांदगाव पेठच्या प्रकल्पात २७० मेगावॅटचे पाच. आपल्याकडच्या दगडी कोळशात राखेचं प्रमाण जास्त असतं. शंभर किलो कोळसा जळाला की साधारण ३० ते ४० किलो राख उरते. धुराड्याच्या वाटेत पकडली जाणारी बारीक राख म्हणजे फ्लाय ॲश. तिच्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असते, सोबत लोह आणि थोडा चुना.

ही राख दोन प्रकारे काम करते. पहिला प्रकार चुन्याचा. राखेतल्या चुन्यामुळे पाणी आम्लतेकडून अल्कतेकडे सरकतं आणि तांबे, जस्त, शिसे यांसारखे धातू विरघळलेल्या अवस्थेतून बाहेर पडून गाळासारखे खाली बसतात. दुसरा प्रकार चिकटण्याचा. राखेच्या बारीक कणांचा एकूण पृष्ठभाग मोठा असतो आणि धातूचे भारित कण त्याला जाऊन चिकटतात.

कच्च्या राखेची धरण्याची ताकद मात्र बेताचीच असते. जर्मनीतल्या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की, हीच राख कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात काही तास तापवली की तिचे रूपांतर 'झिओलाइट'मध्ये होते. झिओलाइट म्हणजे आत सूक्ष्म पोकळ्या असलेला खनिज पदार्थ. त्या पोकळ्यांत सोडियम बसलेला असतो. पाण्यातून शिसे किंवा कॅडमियम आले की झिओलाइट त्याला आत घेते आणि सोडियम बाहेर सोडते.

ही अदलाबदल खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला नवी नाही. चोपण जमिनीत जिप्सम टाकतात ते याचसाठी. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावर जाऊन बसतो आणि तिथला सोडियम सुटा होतो, मग पावसाच्या पाण्याबरोबर तो खाली निघून जातो. झिओलाइटमध्येही तोच व्यवहार, फक्त कॅल्शियमच्या जागी विषारी धातू.

पण इथेच खारपाणपट्ट्यासाठी अडचण उभी राहते. एक म्हणजे, अदलाबदलीत बाहेर पडणारा सोडियम पाण्यातच राहतो. पाण्यात आधीच सोडियम जास्त, त्यात आणखी थोडी भर. दुसरं म्हणजे, पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हजारो मिलिग्रॅमने असतील तर तेही त्याच पोकळ्यांत जागा मागतात. एसटीत सीट पकडायला शंभर जण उभे असले की एकट्याला जागा मिळणं कठीण, तशी शिशाची गत होते. स्वच्छ पाण्यात धातू मिसळून प्रयोगशाळेत ९० टक्के धातू काढणारा माल खाऱ्या पाण्यात तेवढं काम देईलच असं नाही. म्हणून ज्या बोअरवर वापरायचं, त्याच बोअरच्या पाण्यावर चाचणी झाली पाहिजे.

लोखंडाचा कीस आणि बांगलादेशची बादली

आर्सेनिक आणि विषारी प्रकारचा क्रोमियम यांच्यापुढे राखेचा चुना फारसा चालत नाही. हे दोन्ही पाण्यात ऋण भाराच्या रूपात फिरतात, त्यामुळे चुन्याने खाली बसत नाहीत. उलट पाणी फार अल्कधर्मी झालं तर चिकटलेलं आर्सेनिक सुटूही शकतं. तिथे कामाला येतं लोखंड.

लोखंड गंजतं तेव्हा त्याच्यावर लोहाचे ऑक्साईड तयार होतात. या गंजाला आर्सेनिक घट्ट चिकटतं. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून जुलाब-हगवणीपासून वाचण्यासाठी लाखो हातपंप बसवले गेले आणि नंतर कळलं की त्यातल्या अनेकांच्या पाण्यात जमिनीतलंच आर्सेनिक आहे. तिथल्या कुष्टियाचे आणि पुढे अमेरिकेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक झालेले अबुल हुसाम यांनी त्यावर 'सोनो' नावाची घरगुती गाळणी तयार केली. एकावर एक दोन बादल्या. वरच्या बादलीत जाड वाळू आणि बिडाच्या किसापासून तयार केलेला लोखंडी थर, खालच्या बादलीत वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे. वीज नाही, रोज टाकायची पावडर नाही. या कामासाठी हुसाम यांना २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचा १० लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला.

लेथवरून गोळा केलेला कीस मात्र जसाच्या तसा बादलीत भरून चालत नाही. त्याला मशीनचं तेल लागलेलं असतं, आणि स्टेनलेस किंवा मिश्र पोलादाच्या किसात खुद्द क्रोमियम-निकेल असतो. सोनोमधला लोखंडी थर ठरावीक प्रक्रिया करून तयार केलेला असतो.

जमिनीखालीच बांध

विषारी क्रोमियमची गोष्ट थोडी वेगळी. पाण्यात क्रोमियम दोन रूपांत सापडतो. एक सहा भाराचा, पिवळसर रंगाचा, पाण्याबरोबर सहज वाहणारा आणि कर्करोगाला कारण ठरणारा. दुसरा तीन भाराचा, खूपच कमी घातक आणि जागीच बसून राहणारा. लोखंडाच्या संपर्कात आल्यावर पहिल्याचं रूपांतर दुसऱ्यात होतं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एलिझाबेथ सिटी इथे तटरक्षक दलाच्या तळावर क्रोमियमचा मुलामा देण्याचं दुकान होतं. त्याचं सांडपाणी जमिनीत मुरून भूजलातून नदीच्या दिशेने सरकत होतं. १९९६ मध्ये तिथे या वाहत्या भूजलाच्या आडवा चर खोदून त्यात लोखंडाचा भुगा भरण्यात आला. लांबी ४६ मीटर, खोली ७.३ मीटर, रुंदी ०.६ मीटर. पाणी अडवायचं नाही, त्यातून जाऊ द्यायचं. जाता जाता क्रोमियम लोखंडापाशी अडकतो. पंप नाही, वीज नाही. कित्येक वर्षे ही भिंत काम करत राहिली.

आपल्या देशात अशी गरज नाही असं नाही. तामिळनाडूतल्या राणीपेट इथे बंद पडलेल्या क्रोमियम कारखान्याचा दीड लाख टनांहून अधिक कचरा पडून राहिला आणि आजूबाजूच्या भूजलात क्रोमियम उतरला. उत्तर प्रदेशात कानपूर देहातमधल्या रनिया भागातही क्रोमियमच्या ढिगाऱ्यांमुळे हातपंपांचं पाणी पिवळं झालं आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

वऱ्हाडात हा उपाय जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण तो जमिनीवर अवलंबून आहे. भूजल उथळ असेल, माती-वाळूतून सारखं वाहत असेल आणि दिशा ठाऊक असेल तर चर खोदता येतो. खोऱ्याबाहेरच्या काळ्या खडकात पाणी भेगांतून वाट काढत जातं. चर एकीकडे आणि पाण्याची रूप दुसरीकडे, असं व्हायला वेळ लागत नाही. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असल्याने लोखंडाच्या भुग्यावर पांढरा थर धरून तो बुजण्याचाही धोका असतो. पाण्याच्या किटलीत पांढरा थर धरतो, तसाच.

टरफल, लाल चिखल आणि पोलादाची मळी

अकोल्याच्या दालमिलमधलं टरफल आणि चुनी आज ढेपेसोबत जनावरांना जाते. या टरफलालाही धातू धरण्याची ताकद असते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेशी संबंधित संशोधकांनी हरभऱ्याच्या टरफलाने सहा भाराचा क्रोमियम पाण्यातून काढता येतो, हे २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं. पण हे काम आम्लधर्मी पाण्यात चांगलं होतं. कारखान्याचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी त्यावर असा उपाय जमू शकतो. बोअरचं पाणी सहसा तेवढं आम्लधर्मी नसतं. आणि एकदा क्रोमियम धरलेलं टरफल कोणत्याही कारणाने गव्हाणीत जाता कामा नये, हे वेगळं सांगायला नको.

बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना लाल चिखल उरतो. बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात तो निघतो. त्यात लोहाचे ऑक्साईड भरपूर असल्याने आर्सेनिकसाठी त्याच्यावर बरंच संशोधन झालेलं आहे. पण मूळ लाल चिखल कातडी भाजेल इतका अल्कधर्मी असतो. हंगेरीत आयका इथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी लाल चिखलाचा बांध फुटला आणि १० जणांचा जीव गेला. धुऊन, आम्लता-अल्कता सांभाळून, प्रक्रिया करूनच तो वापरावा लागतो. पोलाद कारखान्याच्या मळीचंही तसंच. तिच्यातल्या चुन्यामुळे आम्लयुक्त पाण्यातला धातू खाली बसतो, पण ते पाणी पिण्याआधी पुढच्या प्रक्रियेची गरज असतेच.

विहिरीत राख का टाकू नये?

कोळशात मुळातच आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा, सेलेनियम यांचे अंश असतात. कोळसा जळून जातो आणि यातले बरेचसे राखेत गोळा होतात. म्हणजे जी राख धातू धरते, तीच राख धातू सोडूही शकते. किती सोडेल हे कोळशावर आणि पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे यावर ठरते. ताजी राख पाण्यात पडली की ती किती क्षार सोडते, हे कोणीही टीडीएस मीटर लावून पाहू शकतो. आकडा वर जातो, खाली येत नाही.

राखेचं पाणी मोकळं सुटलं की काय होतं, हे विदर्भाने पाहिलं आहे. १६ जुलै २०२२ रोजी नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळा इथला राख बंधारा फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत आणि नाल्यांत गेला. राखेचा शंभर टक्के वापर झाला पाहिजे, असं केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत आहे. विटा, सिमेंट, रस्ते, खाणी भरणे हे त्याचे मार्ग. उघडी राख विहिरीत, बोअरच्या खड्ड्यात किंवा पुनर्भरणाच्या चरात ओतणे हा त्यातला मार्ग नाही. पुनर्भरणाच्या खड्ड्यात गिट्टी-वाळूऐवजी फुकट मिळते म्हणून राख भरणे म्हणजे भूजलाला सरळ वाट करून देणे.

भरलेली गाळणी सांगत नाही

कोणत्याही मालाची धरण्याची एक हद्द असते. ती संपली की धातू सरळ पलीकडे निघतो. पाण्याची चव बदलत नाही, रंग बदलत नाही, धार कमी होत नाही. घरातलं माणूस गाळलेलं पाणी म्हणून भरवशानं पीत राहतं. म्हणून किती लिटरनंतर माल बदलायचा हे आधीच ठरलेलं असावं लागतं आणि मधूनमधून गाळलेल्या पाण्याची तपासणी व्हावी लागते.

मग बदललेला माल कुठे टाकायचा? वर्षभराचं विष त्यात गोळा झालेलं असतं. उकिरड्यावर टाकला तर शेणखताबरोबर वावरात जाईल, नाल्यात टाकला तर पुन्हा पाण्यात. असा कचरा २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वेगळा ठेवून अधिकृत ठिकाणी द्यावा लागतो. विदर्भासाठी अशी सामायिक व्यवस्था नागपूरजवळ बुटीबोरी इथे आहे. हे एका घराला जमणारं काम नाही. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग किंवा एखादी संस्था जबाबदारी घेत असेल तरच अशी योजना गावात आणण्यात अर्थ आहे.

आधी तपासणी, मग गाळणी

खारपाणपट्ट्यातल्या अनेक गावांत मूत्रपिंडाचे रुग्ण आहेत. घरात एक डायलिसिसवर गेला की शेत विकण्याची पाळी येते. आजाराचं एकच कारण आहे असं म्हणता येत नाही. पण शिसे आणि कॅडमियम दोन्ही मूत्रपिंडाला इजा करतात हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. म्हणून अशा गावात 'आमचं पाणी खारं आहे' एवढ्यावर थांबून भागत नाही. त्यात धातू आहे की नाही, हेही एकदा कागदावर आलं पाहिजे.

गावपातळीवर वापरल्या जाणाऱ्या साध्या तपासणी संचात आम्ल-अल्कता, कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड, लोह अशा बाबी कळतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक यांच्यासाठी प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र लागतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देताना जड धातूंची तपासणी हवी हे स्पष्ट सांगावं. तिथे सोय नसेल तर नमुना विभागीय किंवा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावा लागतो.

नमुना घेताना काही गोष्टी पाळाव्या :

- बोअर किंवा हातपंप पाच-दहा मिनिटे चालवून मगच पाणी भरावे. पाइपात थांबलेलं पाणी घेऊ नये.
- धातूसाठी वेगळी बाटली लागते. तिच्यात प्रयोगशाळा आम्लाचे थेंब टाकते, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून राहतो आणि अहवालात कमी दिसतो. बाटली प्रयोगशाळेतूनच मागून घ्यावी.
- एक नमुना उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यानंतर द्यावा. पाण्याची पातळी बदलली की आकडेही बदलतात.
- जवळ कारखाना, भंगार-बॅटरीची जागा, राखेचा तलाव किंवा कचरा डेपो असेल तर त्याची नोंद अर्जात करावी.

अहवालात धातू मर्यादेपेक्षा जास्त आला, तर पहिलं काम म्हणजे त्या स्रोताचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला बंद करणे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवणे. गाळणीचा विचार त्यानंतर. गाळणी घेऊन येणाऱ्याला चार प्रश्न विचारावे : आमच्याच पाण्यावर चाचणी केली का? किती लिटरनंतर माल बदलायचा? गाळलेल्या पाण्यात राखेतले किंवा किसातले धातू उतरत नाहीत याचा अहवाल आहे का? वापरलेला माल परत कोण नेणार? यातल्या एकाचंही उत्तर लेखी मिळत नसेल तर पैसे खिशातच ठेवावे.

अहवालात धातू नाही आणि फक्त क्षार जास्त आले, तर राख, कीस, टरफल यांच्या मागे लागण्याचं कारणच नाही. त्यावर आरओ चालतं, पण आरओचं उरलेलं जास्त खारं पाणी पुन्हा नाल्यातून जमिनीतच मुरतं, हेही पाहावं. खारपाणपट्ट्याला खरा आधार बाहेरच्या गोड्या पाण्याचा आणि पावसाचा. वान धरणावरची अकोट-तेल्हारा भागातली ८४ खेडी योजना, शहानूर धरणावरून दर्यापूर-अंजनगाव भागात येणारं पाणी, शेततळी, छतावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवणे, हे उपाय त्यासाठीच आहेत. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं म्हणून बोअरकडे वळणारी गावं आहेत. त्या गावांनी योजनेचं पाणी नियमित मिळावं म्हणून धरलेला आग्रह कोणत्याही गाळणीपेक्षा जास्त कामाचा आहे.

ओलितासाठी तर हा विषय मुळातच नाही. एका एकराला दोन इंचाची एक पाळी द्यायची तर दोन लाख लिटर पाणी लागतं. एवढं पाणी राखेतून गाळून कोणाला परवडणार?

टाकाऊ मालाने धातू काढण्याचं तंत्र खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. पारस आणि नांदगाव पेठची राख, एमआयडीसीचा कीस, दालमिलचं टरफल यांचा सर्वांत जास्त उपयोग होईल तो कारखान्याच्या आवारातच, सांडपाणी बाहेर पडण्याआधी. तिथे पाणी कोणत्या प्रकारचं आहे ते ठाऊक असतं, माल बदलायला माणूस असतो आणि वापरलेला माल कुठे गेला त्याची नोंद ठेवता येते. धातू एकदा भूजलात उतरला की तो काढायला वर्षं लागतात, आणि तोवर शेजारच्या गावाला दुसरीकडून पाणी आणावं लागतं.